ढिली स्प्रिंग

माझी वहिनी शाळेत ध्वनी शिकवते, आणि तिचा स्वतःचा आवाज ऐन वेळी दगा देतो. यावर हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आम्हीही घरात पुष्कळ हसलोय. पुढे तिची नोकरीच त्या आवाजावर येऊन ठेपली, तेव्हा आमचं हसू बंद झालं.

मुलांसमोर नाही हं जात तिचा आवाज. मुलांसमोर ती अशी खणखणीत बोलते की शेजारच्या वर्गातली मुलंही आपला धडा सोडून तिचंच ऐकत बसतात. जातो तो मोठ्या माणसांसमोर. वर्गात कुणी तपासनीस येऊन बसला आणि पेन काढून मान डोलवायला लागला, की हिच्या घशाला कोरड पडते. आधी आवाज बारीक होतो, मग खरखरतो, मग नुसतेच ओठ हलतात. डॉक्टरांनी घसा तपासला आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. ते तर मीही सांगितलं असतं. घशात काही नाहीच, जे आहे ते डोक्यात आहे. पण आमचं ऐकतो कोण.

मी तिची नणंद. आमचं घर म्हणजे खाली दुकान आणि वर तीन खोल्या. दादा, माझा मोठा भाऊ, सोफे आणि खुर्च्या भरून देतो. मी मागच्या खिडकीपाशी मशीनवर खोळी शिवते. सकाळपासून कापूस नाकात, फोमचा भुसा केसांत आणि धागे सगळ्या अंगाला. अशा घरात विज्ञानाची पदवी घेतलेली मुलगी येणार असं ठरलं, तेव्हा मी आधीच नाक मुरडून बसले होते. मी सातवीनंतर शाळेची पायरी चढले नाही. ही आता दिवसभर पुस्तकं वाचणार आणि मी हिला चहा करून देणार, असं सगळं चित्र मी मनात रंगवून ठेवलं होतं. तर पहिल्याच आठवड्यात ही माझ्या मशीनपाशी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "ताई, सुई खाली जाऊन दुसरा दोरा बरोब्बर पकडते कशी, ते दाखवा ना. मला कधी कळलंच नाही." मी खालचं झाकण उघडून चाक हाताने हळूहळू फिरवलं. ती वाकून बघत राहिली, पुन्हा दाखवा म्हणाली, आणि कळल्यावर असा चेहरा केला की जणू मीच ते मशीन तयार केलंय. वयाने मी तिच्याहून लहान, तरी ती मला ताई म्हणते आणि अहो-जाहो करते. ते मोडून काढायचा मी खूप प्रयत्न केला, शेवटी हात टेकले. मी मात्र तिला पहिल्यापासून अगं-तुगंच करते.

शिकवायची तर तिला खोडच आहे. एकदा गच्चीत मी धुतलेले पडदे वाळत घालायला दोरी बांधत होते. एक टोक खुंटीला बांधून झालं होतं, दुसरं माझ्या हातात. ही मागून आली आणि म्हणाली, "ताई, दोरीला एक झटका द्या बरं." मी दिला. दोरीवरून एक उंचवटा पळत गेला आणि खुंटीला जाऊन धडकला.

"काय गेलं तिकडे?" तिने विचारलं.

"दोरी गेली, दुसरं काय जाणार."

"दोरी तर तुमच्या हातातच आहे."

मी हातातल्या टोकाकडे बघितलं. बाई म्हणत होती ते खरं होतं. मग तिने माझ्या पिशवीतली एक लाल चिंधी काढली, दोरीच्या मधोमध बांधली आणि म्हणाली, "आता द्या." मी झटका दिला. लाट आली, चिंधी वर उचलली गेली, खाली आली आणि होती तिथेच राहिली. लाट मात्र पुढे निघून गेली. मी चारदा करून पाहिलं, पण ती चिंधी बोटभरही पुढे सरकेना. पडदे बादलीत तसेच पडून राहिले आणि दुपारी दादाने त्यावरून मला ऐकवलं.

"दोरी फक्त वरखाली होते," वहिनी म्हणाली. "पुढे जातो तो झटका. लाट जाते एका दिशेला आणि दोरी हलते तिच्याशी काटकोनात. याला म्हणतात अवतरंग. ध्वनीचा असतो तो अनुतरंग. त्यात हवेचे कण लाटेच्याच वाटेवर पुढे-मागे होतात. रांगेत मागच्याने ढकललं की तो धक्का पार पुढच्या माणसापर्यंत पोचतो, पण प्रत्येकजण आपल्याच जागी राहतो ना, तसं."

अवतरंग आणि अनुतरंग. मला तर ही जुळ्या बहिणींची नावं वाटली, एकीला हाक मारली की दुसरीने ओ द्यावी अशी. मी म्हटलं, "मग ती दुसरी पण दाखव की दोरीवर." ती म्हणाली, "ती दोरीवर दिसत नाही. तिला स्प्रिंग लागते." स्प्रिंगांना आमच्याकडे काय तोटा? पण ते पुढे येईल.

आता तिच्या नोकरीचं सांगते, कारण सगळ्यांचा जीव तिथे अडकला होता. वहिनीने जितक्या शाळा पाहिल्यात तितके मी नातेवाईक पाहिले नाहीत. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुणाचा पाय मोडला, कुणी परदेशी लेकीकडे गेलं, की हिला बोलावणं यायचं. ती जीव तोडून शिकवायची, मुलं तिला चिकटायची, आणि वर्ष संपलं की मुलं रडायची नि ही हातात फुलं घेऊन घरी यायची. त्या फुलांचा मला इतका राग यायचा की मी ती पाण्यातसुद्धा ठेवायची नाही. दोन शाळांमध्ये कायम होण्याची वेळ आली होती. दोन्हीकडे नियम एकच: बाहेरचा माणूस वर्गात बसणार, पाठ बघणार, मग ठरवणार. दोन्हीकडे हिचा आवाज गेला. एकाने तर तोंडावर सांगितलं, "विषय तुम्हाला उत्तम येतो, पण वर्गाला ऐकूच जात नाही."

आताच्या शाळेत आली ती तिसरी वेळ, आणि शेवटचीही. कायम करायला वयाची मर्यादा असते, आणि पुढच्या वर्षी ती तिच्या पलीकडे जाणार होती. शाळेच्या मोठ्या बाईंना वहिनी मनापासून आवडायची. पण त्यांनीही स्पष्ट सांगितलं की निवृत्त तपासनीस येऊन पाठ बघतील आणि ते हो म्हणाले तरच होईल. पाठ कुठला, तर हाच, अवतरंग आणि अनुतरंग.

"या वेळी नाही जमलं तर शिकवणं सोडून देते," वहिनी जेवताना म्हणाली. "ताईंबरोबर खोळी शिवते."

"माझ्या मशीनला हात लावलास तर याद राख," मी म्हटलं. ती हसली. पण ते हसू बघवत नव्हतं. दादाने ताटातून मान वर केली नाही.

त्यात अजून एक विघ्न आलं. शाळेच्या प्रयोगशाळेत याच पाठासाठी एक लांबलचक मऊ स्प्रिंग होती. मुलांनी ती दोन्हीकडून ओढून, एकमेकांच्या गळ्यात घालून, तिचा असा काही गुंता केला होता की आत कुठलं वेटोळं कुठे शिरलंय तेच कळेना. वहिनी ती पिशवीत घालून घरी घेऊन आली. मी आयुष्यभर धाग्याचे गुंते सोडवलेत, त्यामुळे जरा तोऱ्यातच पुढे सरसावले. तासाभराने स्प्रिंग होती त्याहून वाईट झाली आणि माझी बोटं सुजली. धागा निदान कापता येतो. तार वाकली की वाकलीच.

दादा समोर खुर्चीला पाठ ठोकत होता. काम करताना त्याच्या तोंडात बारीक खिळे असतात, ओठांत धरलेले, म्हणून तो दिवसभर "हं" आणि "अंहं" यांवर भागवतो. त्याने सगळे खिळे तळहातावर काढले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मोठं बोलणार आहे.

"स्प्रिंगच पाहिजे ना?" तो म्हणाला. "घरात स्प्रिंगवाला बसलाय आणि तुम्ही भंगार काय सोडवत बसलाय? मी करून देतो."

आता दादाची स्प्रिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. जुना सोफा उघडला की तो एकेक स्प्रिंग हातात घेतो, तळव्याने दाबतो आणि सोडतो. टणकन परत आली तर ठेवतो. जराही रेंगाळली तर "ढिली" म्हणून कोपऱ्यात भिरकावतो. ढिली ही त्याची सगळ्यात मोठी शिवी. एखादा माणूस मनातून उतरला तरी तो एवढंच म्हणतो, ढिला आहे. त्याच्या हातचा सोफा वर्षानुवर्षं बसत नाही, आणि तेवढ्यासाठी लोक शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून त्याच्याकडे येतात.

त्याने दुकानातली सगळ्यात चांगली तार काढली. जाडजूड, चकचकीत. ती अरुंद पाइपवर गच्च गुंडाळत गेला. वहिनी मध्ये एकदा म्हणाली, "जरा बघू का?" तर म्हणाला, "पूर्ण झाल्यावर." स्वतः गुणगुणत होता. माझा भाऊ गुणगुणतो हे मला तेव्हा कळलं. पूर्ण झाल्यावर त्याने ती तेलाच्या फडक्याने पुसली आणि आमच्या दोघींच्या हातात एकेक टोक दिलं. जिन्यापासून दुकानाच्या दारापर्यंत आम्ही ती जमिनीवर ताणून धरली. ताणताना माझे दंड भरून आले.

वहिनीने तिकडून धक्का दिला, आणि त्याच क्षणी इकडे माझ्या मनगटाला हिसका बसला. मध्ये काय झालं ते कुणालाच दिसलं नाही. तिने टोक आडवं हलवलं. स्प्रिंग नुसती थरारली आणि पुन्हा सरळ.

"बघितलंस?" दादा म्हणाला. "हिच्यावर हत्ती बसला तरी दबायची नाही."

"फार सुंदर झालीय," वहिनी म्हणाली, आणि वर निघून गेली.

मी मागोमाग गेले. ती पलंगावर बसली होती. "लाट इतकी पळते की डोळ्याला सापडतच नाही," ती म्हणाली. "स्प्रिंग जितकी ताठ तितकी लाट वेगात जाते. मला ढिली पाहिजे होती, ताई. लोळणारी. लाट जाताना मुलांना दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर सगळं मला बोलून समजवावं लागेल. आणि त्या माणसासमोर मी बोलायला लागले की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

"मग हे दादाला सांग."

"कसं सांगू? किती खूश आहेत ते."

"तू नको सांगूस. मी सांगते." मला असल्या गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत, पोट दुखतं. मी तडक खाली गेले आणि म्हटलं, "दादा, ही स्प्रिंग हिच्या कामाची नाही. हिला ढिली हवी आहे."

त्याचा चेहरा बघायला हवा होता. "ढिली?" तो म्हणाला. "तपासनीसापुढे ढिली स्प्रिंग न्यायची? माझ्या हातची?" मी म्हटलं, हो. "ढिली स्प्रिंग माझ्या हातून व्हायची नाही. त्यापेक्षा मी धंदा बंद करीन." मग त्याने खिळे तोंडात घातले, आणि त्यानंतर दोन दिवस घरात जे काही बोलणं झालं ते माझं आणि भिंतींचं झालं.

तिसऱ्या दिवशी वहिनी स्वतः खाली उतरली. मी मशीन थांबवलं नाही, पण पाय हलका केला, म्हणजे ऐकू यावं. ती त्याच्या समोरच्या स्टुलावर बसली.

"अहो, तुमची स्प्रिंग सोफ्यासाठी लाख मोलाची आहे," ती म्हणाली. "पण माझ्या वर्गात तिच्यावर कुणी बसणार नाहीये. मला अशी हवी, की उभी केली तर कोसळेल. एका टोकाला ढकललं तर दुसऱ्या टोकाला कळायला वेळ लागेल. वाईटातली वाईट करा."

दादा ठोकत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने खिळे काढले. "त्या लोकांपुढे अशी स्प्रिंग ठेवलीस तर ते तुला काय म्हणतील?"

"ते मी बघेन."

"कुणी केली म्हणून विचारलं तर?"

"तर सांगेन, तुम्ही केली."

त्याने खिळे पुन्हा ओठांत धरले. मग म्हणाला, "हं."

त्याने या वेळी बारीक तार घेतली, इतकी बारीक की आम्ही ती फक्त कडा बांधायला वापरतो. आणि गुंडाळायला सांडपाण्याचा रुंद पाइप. वेढ्याला वेढा लावत तो ती वळत गेला. गुणगुणणं नाही, काही नाही. मधूनच टोक उचलून बघायचा, ती मेल्यासारखी खाली लोंबायची, आणि याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. कुणी गिऱ्हाईक आलं की तो तिच्यावर पोतं टाकायचा. शेवटी तयार झाली तेव्हा त्याने ती टेबलावर ठेवली, तर ती आपली आपण कडेवरून घरंगळली आणि एकेक वेढा करत जमिनीवर उतरली. दादा तोंड फिरवून हात धुवायला गेला. मी तिच्यासाठी एक लांब पिशवी शिवली आणि मधून काठी घातली, म्हणजे वाटेत गुंता व्हायला नको.

पाठाच्या दिवशी मी दादाला म्हटलं, "चल की तू पण." तो म्हणाला, "मला आज सोफा द्यायचाय." त्या दिवशी कुठलाच सोफा द्यायचा नव्हता. कामं कुठली आणि कधीची ते मला माहीत असतं. मी गप्प बसले, माझ्या मानाने ते खूपच झालं.

पिशवीचं एक टोक मी आणि एक वहिनीने धरलं आणि आम्ही शाळेत गेलो. तिने बाकं भिंतींना लावून घेतली. मधली जमीन मोकळी केली, मुलांना भोवती बसवलं, आणि स्प्रिंगचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "काही झालं तरी हात हलवू नका, ताई." मी भिंतीला टेकून मांडी घालून बसले. दारापाशी दोन खुर्च्या होत्या. एकीवर मोठ्या बाई, दुसरीवर तपासनीस. ते चांगले उंचपुरे होते, चेहरा शांत. पेन काढलेलंच होतं.

वहिनी म्हणाली, "काल आपण कंपन म्हणजे काय ते पाहिलं." 'कंपन' शब्दापर्यंत आवाज होता. पुढचं बारीक झालं.

"बाई, जरा मोठ्याने," तपासनीस म्हणाले. माणूस वाईट नव्हता, सहज म्हणाले. पण झालं. वहिनीने तोंड उघडलं, ओठ हलले, आणि काहीही बाहेर आलं नाही. तिने फळ्याकडे पाहिलं, पाणी प्यायली, पुन्हा प्रयत्न केला. नुसती खरखर. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मोठ्या बाईंनी मान खाली घातली. इतक्या वर्षांचं तिचं शिकवणं त्या पाच पावलांच्या जागेत संपत होतं आणि मी हातात तार धरून बसले होते. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून मी काय शिकवणार होते?

मग ती गुडघ्यांवर बसली, स्प्रिंगचं टोक धरलं आणि एकदा आडवं हलवलं.

लाट निघाली. पण सावकाश, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी, प्रत्येक वेढ्याला भेटत. सगळ्या मुलांच्या माना तिच्याबरोबर डावीकडून उजवीकडे वळत गेल्या. ती माझ्या मुठीपर्यंत आली, आपटली, आणि उलटी होऊन दुसऱ्या बाजूने परत निघाली. मुलं पुढे सरकून बसली.

वहिनीने खिशातून लाल धागा काढला, मधल्या एका वेढ्याला बांधला आणि पुन्हा लाट सोडली. धाग्याकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, "धागा पुढे गेलाच नाही. बाजूला झाला आणि परत जागेवर आला." वहिनीने फळ्यावर दोन बाण काढले, एक लाटेचा, एक धाग्याचा. "काटकोन," पाच-सहा जणांनी सांगितलं. तिने खाली लिहिलं: अवतरंग.

एक मुलगा म्हणाला, "बाई, जोरात हलवलं तर लाट लवकर पोचेल." वहिनीने मान हलवली नाही, हो नाही की नाही नाही. तिने त्यालाच टोक दिलं. त्याने हळू हलवलं तेव्हा बाकीच्यांनी आकडे मोजले. मग जोरात हलवलं आणि पुन्हा मोजले. लाट मोठी झाली, पण आकडा तोच आला. मुलाचा विश्वास बसेना, त्याने अजून जोर लावला, तरीही तोच. "मग वेग कशावर आहे?" तो म्हणाला. चष्मेवालीने स्प्रिंगवर हात ठेवला. "हिच्यावर." वहिनीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं कधीकाळी माझ्या मशीनकडे पाहिलं होतं.

मग तिने टोकाचे थोडे वेढे जवळ गोळा केले आणि सोडून दिले. ती दाटी पळायला लागली. वेढे आपटत नव्हते, नुसते एकमेकांना सरकवत होते. जमिनीवर सळसळ झाली तेवढीच. दाटी पुढे, तिच्यामागे विरळ जागा, पुन्हा दाटी. आणि धागा या वेळी आडवा झाला नाही, लाटेच्याच वाटेवर किंचित पुढे गेला नि मागे आला. माझ्या मुठीला हलकासा स्पर्श झाला. त्या गच्चीत जी दिसली नव्हती ती दुसरी बहीण मला तेव्हा भेटली, आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले.

"रांगेतल्या धक्क्यासारखं," कुणीतरी म्हणालं. वहिनीने स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, मग कानाला लावला. "ध्वनी," सगळे एकदम. "बाईंचा आवाज आपल्यापर्यंत असाच येतो."

"पण आज कुठे येतोय?" मागून एक जण म्हणाला.

सगळा वर्ग हसला. मोठ्या बाई हसल्या, आणि वहिनीही हसली. हसता हसता तिचा घसा मोकळा झाला आणि फाटका का होईना, आवाज निघाला. "येईल," ती म्हणाली. "आता ऐका. माझ्या तोंडातली हवा तुमच्या कानापर्यंत येत नाही. माझ्याजवळची हवा शेजारच्या हवेला ढकलते आणि आपल्या जागी परत येते. तुमच्यापर्यंत पोचतो तो फक्त धक्का." पुढचा पाठ तिने बोलून घेतला. वर्गाला ऐकू गेलं.

शेवटी तपासनीस उठले, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि म्हणाले, "मी एकदा ढकलून बघू?" त्यांनी दोनदा ढकललं. "कुठे मिळाली ही?" त्यांनी विचारलं. वहिनीने सांगितलं, नवऱ्याने केलीय.

आम्ही बाहेर बाकावर बसून राहिलो. मोठ्या बाई आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तपासनीस म्हणाले होते की बाई कमी बोलल्या आणि मुलं जास्त बोलली, आपली काही हरकत नाही. "कायम झालात," मोठ्या बाई म्हणाल्या, "आणि ती स्प्रिंग शाळेला राहू द्या."

घरी आलो तर दादा दुकानात एका उघड्या सांगाड्यावर बसला होता. हातात काम नव्हतं. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मोकळ्या हातांकडे.

"फेकून दिली ना त्यांनी?" तो म्हणाला. "मला माहीत होतं."

"ठेवून घेतली," वहिनी म्हणाली. "मला पण. कायम केलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. तेव्हा तो उठायला गेला, पण उठला नाही, दोन्ही हातांनी तोंड झाकून तिथेच बसला. आई गेली तेव्हाही मी त्याला असं पाहिलं नव्हतं. वहिनी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"दोन दिवस मला झोप नाही," तो हातांआडून म्हणाला. "वाटलं, ती असली स्प्रिंग बघून तुला वर्गातून बाहेर काढतील. माझ्यामुळे जाईल तुझी नोकरी."

"अरे, असं वाटत होतं तर केलीस कशाला?" मी म्हटलं. मला राहवलंच नाही.

दादाने तोंडावरचे हात काढले. "तिने सांगितलं, ढिली पाहिजे," तो म्हणाला. "तिचं काम तिला कळतं. मला कुठे कळतं?"